तक्ता आधी, शून्य-एक नंतर

तिसरी-चौथीच्या मुलांना संगणकाबद्दल काय सांगायचं, हा विषय निघाला की दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. एक, ‘एवढ्यात काही सांगू नका, वापरता आलं की पुरे.’ दुसरं, ‘संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतं, एवढं सांगा.’ पहिलं काळजीपोटी येतं, दुसरं उत्साहापोटी. दोन्हींतून मुलाच्या हाती काही लागत नाही. मला या दोन्हींचा प्रतिवाद करायचा आहे, कारण सात-आठ वर्षांच्या मुलाला पुरती समजेल, खरी असेल आणि पुढच्या सगळ्या शिक्षणाला पाया म्हणून पुरेल अशी एक गोष्ट या उत्तरांमुळे कायम राहून जाते.

ती गोष्ट म्हणजे तक्ता. संगणकाकडे अक्षरं नसतात, रंग नसतात, सूर नसतात. त्याच्याकडे आकडे असतात, आणि कोणत्या आकड्याचा अर्थ काय धरायचा हे सांगणारे, माणसांनी बसून ठरवलेले तक्ते असतात. मूल ‘क’ची कळ दाबतं तेव्हा यंत्र २३२५ हा आकडा नोंदवतं. पडद्यावर दाखवायची वेळ आली की फाँटमध्ये त्या आकड्यापुढे जी आकृती ठेवलेली असेल ती काढून दाखवतं. एवढंच. यात मुलापासून लपवावं किंवा सोपं करण्यासाठी खोटं सांगावं असं काही नाही.

शून्य-एकवाल्यांपासून सुरुवात करते. ते म्हणतात ते चूक नाही. विजेच्या मंडलात दोन अवस्था सांभाळणं सोपं आणि खात्रीचं, म्हणून तिथे आकडे दोनच चिन्हांत लिहिले जातात. पण ही आकडा लिहिण्याची रीत झाली. ६५ हा आकडा १०००००१ असा लिहिल्यामुळे तो इंग्रजी मोठा ‘ए’ होत नाही. तो ‘ए’ ठरतो, कारण १९६३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आस्की नावाच्या तक्त्यात ६५ पुढे ‘ए’ आहे. तिथे दुसरं अक्षर ठेवलं असतं तर ६५चा अर्थ दुसरा झाला असता. हा दुवा गाळून मुलाला थेट शून्य-एक सांगितलं की ते अगदी योग्य प्रश्न विचारतं: ‘मग माझं नाव कसं काय दिसतं?’ त्यावर बहुतेक वर्गांत उत्तर मिळतं, ‘आत सगळ्याचं रूपांतर होतं.’ हे उत्तर नाही. जिथे समजावून सांगायचं तिथेच आपण थांबलो, एवढंच त्यातून कळतं. तेराचे ११०१ करायला शिकलेलं मूल चांगलं गणित शिकलेलं असतं. संगणकाबद्दल मात्र त्याला अजून काहीच कळलेलं नसतं. म्हणून क्रम उलटा हवा. आधी तक्ता, आणि त्यातले आकडे यंत्र कसे लिहून ठेवतं हे पुढे, पाचवी-सहावीत.

आता काळजीवाले. त्यांचा मुख्य आक्षेप असा की हे सगळं अमूर्त आहे आणि लहान मुलं अमूर्त विचार करत नाहीत. यासाठी बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचा दाखला दिला जातो. पण पियाजेने साधारण सात ते अकरा या वयाला मूर्त क्रियांची अवस्था म्हटलं, आणि त्या अवस्थेत मूल कोणत्या गोष्टी करू लागतं म्हणून सांगितलं? वस्तू क्रमाने लावणं, गट पाडणं, एका रांगेतल्या वस्तूची दुसऱ्या रांगेतल्या वस्तूशी जोडी लावणं. तक्ता बघून आकड्यावरून अक्षर शोधणं यात याहून वेगळं काय आहे? बोट ठेवायला जागा आहे, रकाने आहेत, चुकलं तर लगेच दिसतं. अमूर्त आहे ते ‘रूपांतर होतं’ हे वाक्य. पियाजेचा आधार घ्यायचाच असेल तर तो तक्त्याच्या बाजूने आहे.

शिवाय मुलं असे तक्ते वापरतच मोठी होत असतात. वर्गातला हजेरीपट घ्या. बाई ‘सतरा’ म्हणतात आणि एक मुलगी ‘हजर’ म्हणते. सतरा या संख्येत त्या मुलीचं नाव, चेहरा, आवाज काहीही नाही. शेजारच्या तुकडीत जाऊन ‘सतरा’ म्हटलं तर दुसरंच कोणी उठेल, आणि पुढच्या वर्षी नवी नावं आली की हिचाही क्रमांक बदलेल. हे पहिलीच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही, त्याला ते माहीत असतं. आकडा स्वतः काही बोलत नाही, तो कोणत्या तक्त्यातला आहे हे कळलं तरच त्याला अर्थ येतो. संगणकातल्या सांकेतिक क्रमांकांचं सगळं मर्म यात आलं. ६५ हा आकडा अक्षरांच्या तक्त्यात ‘ए’ असेल. तोच आकडा चित्रातल्या एका ठिपक्याच्या लाल रंगाची मात्रा असेल, जी पडद्यावर ० ते २५५ अशी मोजतात. आणि वर्गाच्या यादीत तो कोणाचा तरी हजेरी क्रमांक असेल. यंत्राला यातला फरक आपणहून कळत नाही. कोणता तक्ता लावायचा हे त्याला सांगावं लागतं. ‘हा आकडा कोणत्या तक्त्यातला?’ हा प्रश्न मुलाला विचारता यायला हवा, आणि तो आठव्या वर्षी विचारता येतो असं माझं ठाम म्हणणं आहे.

याचा पुरावा हवा असेल त्यांनी वर्गाचे दोन गट करावेत. प्रत्येक गटाने ‘क’ ते ‘ळ’ या अक्षरांना आपल्या मनाने १ पासून क्रमांक द्यावेत, दुसऱ्या गटाला न दाखवता. मग एका गटाने ‘कमळ’ हा शब्द आकड्यांत लिहून दुसऱ्याकडे पाठवावा. दुसरा गट आपल्या तक्त्याने वाचतो आणि निघतं भलतंच काही. आधी हसू येतं, मग भांडण होतं, आणि थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतंच, ‘अरे, तुमचा तक्ता द्या ना!’ मुलं हे स्वतः म्हणताना मी ऐकलं आहे, आणि त्यानंतर शिकवणाऱ्याने बोलण्यासारखं फारसं उरत नाही. संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याची ही रीत नवी नाही. न्यूझीलंडमधल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीएस अनप्लग्ड’ या नावाने असे पुष्कळ खेळ गेल्या शतकाच्या अखेरीपासून जगभर नेले आहेत. ‘आमच्या शाळेत संगणकच नाहीत’ हा आक्षेपही त्यामुळे टिकत नाही.

या खेळात मुलांचा जो घोटाळा होतो, तोच मोठ्यांनी मराठीच्या बाबतीत कित्येक वर्षं खऱ्या कागदपत्रांवर करून ठेवला. संगणकावर मराठी छपाई सुरू झाली तेव्हा बरेचसे फाँट असे तयार झाले की क्रमांक इंग्रजी अक्षरांचे आणि त्यांवर बसवलेल्या आकृत्या देवनागरी. तो फाँट असलेल्या यंत्रावर सगळं ठीक. फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि कंस-टिंबांची रांग. ‘फाइल खराब झाली’ असं आपण म्हणतो. फाइल धड असते, एकही आकडा इकडचा तिकडे झालेला नसतो. तक्ता हरवलेला असतो. अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, तो दुसरीकडे चिकटवता येत नाही, आणि छापखान्यांत व कार्यालयांत अशा फायली आजही पडून आहेत. आपल्या भाषेचं एवढं नुकसान ज्या गोष्टीने केलं ती गोष्ट मुलांना सांगायला अवघड आहे, असं म्हणायला मी तयार नाही.

इथे माझा आणखी एक राग आहे. शाळांमधून सांकेतिक क्रमांकांची जी थोडीफार ओळख होते ती बहुधा ‘ए म्हणजे १, बी म्हणजे २’ अशा कृतिपत्रिकांतून, आणि त्यावर ‘गुप्त संदेश ओळखा’ असा मथळा असतो. यातून मूल दोन चुकीच्या गोष्टी शिकतं. पहिली, की हे तक्ते काही लपवण्यासाठी असतात. मुलांची चची भाषा लपवण्यासाठी असते. संगणकाचे तक्ते सगळ्यांनी सारखे वापरावेत म्हणून उघडपणे प्रसिद्ध केलेले असतात, आणि ते उघडे आहेत म्हणूनच नागपूरहून पाठवलेला मराठी निरोप न्यू जर्सीत मराठीतच उघडतो. दुसरी चुकीची गोष्ट अधिक घातक आहे. मुलाची समजूत होते की संगणक मुळात इंग्रजीचा, आणि मराठी तिथे पाहुणी. ही समजूत पुढे जन्मभर टिकते. मराठीत टंकन करायला कचरणाऱ्या सुशिक्षित माणसांत ती रोज दिसते.

खरी परिस्थिती काय आहे? मूळ आस्की तक्त्यात १२८ जागा होत्या. जगभरच्या लिप्यांसाठी आज वापरात असलेल्या युनिकोड या तक्त्यात देवनागरीसाठीही १२८ क्रमांकांचा पट्टा आहे, २३०४ ते २४३१. यंत्राच्या लेखी ६५ आणि २३२५ यांत मान-अपमान काही नाही. चौथीच्या मुलाला चार आकडी संख्या येतात. मग हा तक्ता त्याच्यासमोर ठेवायला अडचण कोणती? ठेवून बघा. ‘आई’ म्हणजे २३१०, २३१२. ‘बाबा’ म्हणजे २३४८, २३६६ आणि पुन्हा तेच दोन. काना हा स्वतंत्र क्रमांक आहे हे मूल लगेच पकडतं. मग ‘कि’ द्या. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण आकडे येतात २३२५, २३६७, म्हणजे ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर, आपण बोलतो तसं. मग ‘क्ष’ द्या. एक अक्षर म्हणून पाठ केलेला ‘क्ष’ तीन आकड्यांचा निघतो: २३२५, २३८१, २३५९. क, हलन्त, ष. जोडाक्षर म्हणजे काय हे व्याकरणाच्या तासाला जितकं स्पष्ट होतं, त्याहून ते इथे स्पष्ट होतं, कारण इथे ते मोजता येतं.

पुढे एक कोडं आहे, ते तर मला फार आवडतं. ‘क’ २३२५ आहे, तर पंचविसावं अक्षर ‘म’ कितीवर येईल? मुलं मोजतात: २३४९. तक्त्यात बघतात तर २३५०. मधे कोणीतरी घुसलं आहे. शोधल्यावर ‘न’च्या पुढे नुक्ता दिलेला ‘ऩ’ सापडतो, २३४५ वर. मराठीत तो लागत नाही. हा तक्ता आखताना १९८८च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाचा आराखडा घेतला होता, आणि त्या आराखड्यात भारतातल्या लिप्या एकाच मांडणीत बसवलेल्या होत्या. तमिळसारख्या भाषेतला वर्ण देवनागरीत लिहायचा तर त्यालाही घर हवं होतं. या एकसारख्या मांडणीमुळेच २३२५मध्ये १२८ मिळवले की बंगाली ‘क’चा क्रमांक मिळतो आणि ३८४ मिळवले की गुजराती ‘क’चा. बेरजेचं उदाहरण म्हणून याहून चांगलं मला सुचत नाही. अक्षरांना आकडे देण्याची कल्पना परकी वाटत असेल त्यांनी आर्यभट आठवावा: इसवी सन ४९९च्या आसपास त्याने श्लोकांत संख्या बसवण्यासाठी ‘क’ ते ‘म’ या अक्षरांना १ ते २५ अशाच किमती दिल्या होत्या. यावरून संगणक आपलाच होता असं कोणी सिद्ध करू नये. तक्ता ठरवणं हे माणसाचं जुनं काम आहे, एवढंच त्यातून दिसतं.

आणि माणसाचं काम म्हटलं की त्यात त्रुटी आल्या, दुरुस्त्या आल्या. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक, २४१८, मिळाला तो २००८ साली. आपला ‘ळ’ वर्णमालेत ‘ह’नंतर म्हटला जातो, पण तक्त्यात तो २३५५ वर, ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधे बसला आहे. म्हणून निव्वळ क्रमांकांवरून शब्द लावले तर मराठी कोशाचा क्रम मिळत नाही, त्यासाठी वेगळा नियम द्यावा लागतो. ही माहिती मुलाला मिळाली तर यंत्राविषयीचा त्याचा आदर कमी होत नाही. यंत्रात जे आहे ते कोणीतरी ठरवलेलं आहे आणि ते बदलून घेता येतं, हे त्याला लहानपणीच कळतं.

‘वापरता आलं की पुरे’ म्हणणाऱ्यांना मी मोठ्यांचीच उदाहरणं देते. बारकोड जून १९७४मध्ये ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात पहिल्यांदा वापरला गेला. आज आपल्या वाण्याकडेही तो आहे. तरी कारखान्यातून छापून आलेल्या त्या पट्ट्यांत किंमत लिहिलेली असते, असं समजणारी माणसं घरोघर आहेत. तिथे फक्त क्रमांक असतो. किंमत दुकानाच्या यादीतून येते, म्हणून पट्ट्या न बदलता भाव बदलतो. ‘८९० ने सुरू होणारी वस्तू भारतात बनलेली’ हा निरोप तर देशभक्तीच्या भावनेने पुढे पाठवला जातो. ८९० चा अर्थ इतकाच की तो क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला आहे. माल कुठे बनला हे त्यावरून ठरत नाही. आकडा कोणत्या यादीतला आणि ती यादी काय सांगते, हा प्रश्न लहानपणी विचारायला न शिकल्याची ही फळं आहेत.

पिनकोड आणि आधार यांतला फरकही असाच. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला आणि त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावं आणि पत्त्यांच्या अनेक लिप्या, ही त्यांच्यापुढची अडचण होती. त्यांच्या क्रमांकाला पोट आहे: पहिला ४ पाहिला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ४११ म्हणजे पुणे, ४०३ म्हणजे गोवा. आधारच्या बारा आकड्यांत असं काही मुद्दामच ठेवलेलं नाही, ना गाव, ना वय. शेवटचा आकडा टंकनातली चूक पकडण्यासाठी, बाकीचे केवळ यादीतली जागा दाखवण्यासाठी. एका क्रमांकावर थोडं काही वाचता येतं आणि दुसऱ्यावर काहीच येत नाही, हे चौथीचं मूल आपल्या घरच्या पत्रावरून शिकू शकतं. मोठेपणी ज्याला आपल्या माहितीची काळजी घ्यायची आहे त्याला हे कळायलाच हवं.

अलीकडे एक नवा आक्षेप आला आहे: आता यंत्र मराठीत बोलतं, लिहितं, मग हे जुने तक्ते कशाला? बोलणाऱ्या यंत्राच्या तळाशीही तक्ताच आहे. भाषेची ही प्रारूपं मजकुराचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला ठरलेल्या यादीतला क्रमांक देतात. पुढचं सगळं गणित त्या क्रमांकांवर चालतं. साठवणीच्या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या अक्षराला तीन लागतात. तुकड्यांची यादी मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून तयार झाली असेल तर मराठी शब्दाचे जास्त तुकडे पडतात, आणि तेवढंच काम यंत्राला जास्त करावं लागतं. म्हणजे तक्त्यात मराठीला कशी जागा मिळाली यावर मराठीचं भागधेय आजही अवलंबून आहे. ज्या पिढीने या यंत्रांशी बोलत वाढायचं आहे तिच्यापासूनच ही गोष्ट दूर ठेवा, असं म्हणणाऱ्यांचं तर्कशास्त्र मला समजत नाही.

आक्षेपांत एक रास्त आहे आणि तो मी पूर्ण मान्य करते: हे शिकवायला घेतलं की परीक्षेत येईल. ‘ख चा क्रमांक लिहा’, एक गुण. असं झालं तर सगळं मातीत जाईल. तक्ता असतोच मुळी पाठ करावा लागू नये म्हणून. क्रमांक पाठ करून घेणाऱ्या शिक्षकाला तक्ता कळलेला नाही. मुलासमोर तक्ता उघडा असावा आणि प्रश्न शोधण्याचा असावा, आठवण्याचा नव्हे. सोळाच्या पायातले आकडे, बाइटची गणितं, मानकांची लांबलचक नावं यांतलं काहीही या वयात नको. सहा वर्षांच्या मुलांना आज्ञावली लिहायला लावण्याच्या शिकवण्यांनाही माझा विरोधच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये आज्ञावली-लेखनाचे उपक्रम माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर, सहावीपासून ठेवले आहेत. ते वय योग्य आहे. त्याआधीच्या वर्षांत करायची गोष्ट तक्ता आहे.

आणि ती मराठीच्या तासाला व्हावी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा फरक मराठीच्या बाई दरवर्षी शिकवतात. पहिल्या शब्दाचे आकडे २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६. दुसऱ्याचे २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६. पाचांतला एकच आकडा वेगळा, तोही एकानेच. काही जण हाच दुसरा शब्द २३५२ला हलन्त आणि त्यापुढे ८२०५ हा न दिसणारा जोडक्रमांक देऊन टंकतात. डोळ्यांना दोन्ही एकसारखे दिसतात, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडेलच असं नाही. दोन ‘र’ का वेगळे ठेवावे लागले, हे सांगायला मराठीच्या शिक्षिकेइतकी तयारी दुसऱ्या कोणाचीच नसते. तिने फळ्यावर ते दोन शब्द लिहिलेलेच असतात. त्यांच्याखाली पाच-पाच आकडे लिहायला संगणकाची खोली उघडावी लागत नाही.